मिरचीचे अदृश्य रखवालदार

श्रावणमासी रायगडच्या किनाऱ्यावर पावसाची झड लागली, की अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत आणि पुढे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या ओल्याचिंब होऊन उभ्या राहतात. अशा दिवसांत घरातील एकही वस्तू धड कोरडी राहत नाही. पेटीतील कपड्यांना कुबट वास येतो, कोनाड्यात ठेवलेल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते आणि एखादी भाकरी चुकून झाकून राहिली, तर दोन-तीन दिवसांत तिच्यावर हिरवट-काळे ठिपके उमटतात. बुरशीचे अगणित बीजाणू हवेतून सतत तरंगत असतात. ओलावा आणि अन्न यांची सोय झाली, की ते तेथेच बिऱ्हाड थाटतात.

त्याच घराच्या परसदारी मिरचीची दोन-चार झाडे असतात. त्यांच्यावरही तोच पाऊस पडतो आणि तेच बीजाणू त्यांच्याही अंगावर येऊन बसतात. मिरचीची साल तर नखाने फाटावी इतकी पातळ. असे असूनही निरोगी झाडावरील मिरच्या कित्येक दिवस टवटवीत व तकतकीत राहतात. भाकरीला दोन दिवसांत गाठणारी बुरशी मिरचीला इतक्या सहजी का गाठू शकत नाही?

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की भाकरी निर्जीव आहे आणि मिरची जिवंत आहे. जे जिवंत असते, ते आपले रक्षण करीत असते. मात्र ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, ज्याला ओरडता येत नाही आणि जागचे हलताही येत नाही, ते झाड आपले रक्षण करते तरी कसे? ही हकिकत मोठी मनोरंजक आहे. आणि तिचा संबंध उद्याच्या शेतीशी व औषधांशीही पोहोचतो.

मिरी आणि मिरची

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. वाडीतील पोफळीच्या खोडाला बिलगून वर चढलेला असतो तो मिरीचा वेल. आणि परसात कमरेएवढे वाढते ते मिरचीचे झाड. नावे जवळची असली, तरी त्यांचे कूळ एक नव्हे. मिरी ही विड्याच्या पानाच्या वेलीची सख्खी बहीण असून सह्याद्रीच्या दक्षिणेकडील दाट अरण्यांत तिचे मूळ घर आहे. मिरची मात्र वांगी, टोमॅटो, बटाटा यांच्या गोतातील असून तिचे माहेर दूर अमेरिका खंडात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती समुद्र ओलांडून भारतात आली. त्याच पोर्तुगिजांनी चौल-रेवदंड्यास आपले ठाणे केले होते. १७४० साली ते मराठ्यांच्या हाती आले, आणि त्यांच्या कोटाची तटबंदी आजही रेवदंड्यास समुद्राकाठी उभी आहे. पोर्तुगीज गेले; मिरची मात्र राहिली. ती तिखट, म्हणून आपल्या लोकांनी तिला मिरीवरूनच नाव दिले आणि पुढे स्वयंपाकघरातील मिरीचा मानही बराचसा तिनेच घेतला.

कुळे निराळी असली, तरी या दोघींचा एक वैरी समान आहे. त्याचे नाव फायटोफ्थोरा. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘वनस्पतींचा संहारक’ असा होतो. बुरशीसारखा दिसणारा हा सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यातून पसरतो. त्याच्या ज्या जातीचे वर्णन १९२२ साली अमेरिकेत मिरचीच्या झाडावरून करण्यात आले, तीच जात मिरीच्या वेलाचे मूळ कुजवून हिरवागार वेल थोड्याच दिवसांत वाळवून टाकते. त्याच्याच भाऊबंदांमुळे पोफळीवर कोळेरोग येतो आणि कोवळी सुपारी गळून वाडीत सडा पडतो. म्हणून वाडीवाला पावसाळ्याच्या तोंडावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण सुपारीच्या घोसांवर फवारतो. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत प्रसिद्धीस आलेला हा उपाय आजही उपयोगी पडतो. तथापि पावसाची मोठी सर आली, की फवारलेले औषध हळूहळू धुपून जाते आणि पुन्हा पोफळीवर चढणे भाग पडते. झाडाच्या अंगचेच एखादे औषध असते, तर ते पावसाने धुऊन गेले नसते! ही कल्पना वाटते तितकी अद्भुत नाही, कारण तसे औषध झाडांच्या अंगी खरोखरच असते.

संरक्षणाच्या तीन फळ्या

मिरचीच्या संरक्षणाची पहिली फळी म्हणजे तिची साल. तिच्यावर मेणासारखा एक अतिशय पातळ थर असतो. पावसाचा थेंब त्यावर ठरत नाही. तो ओघळून जातो आणि त्याच्याबरोबर कित्येक बीजाणूही वाहून जातात. मिरचीची तकाकी ती याच थराची.

दुसरी फळी तिखटपणाची. मिरचीला तिखट करणाऱ्या द्रव्यास कॅप्सेसिन असे म्हणतात. तिखटपणा बियांत असतो असा पुष्कळांचा समज आहे. परंतु ज्या पांढरट गराला बिया चिकटलेल्या असतात, त्या गरात हे द्रव्य मुख्यतः तयार होते. मिरची चावताच मनुष्याच्या डोळ्यांत पाणी येते. पिंजऱ्यातील पोपट मात्र तीच मिरची मिटक्या मारीत खातो, कारण पक्ष्यांना कॅप्सेसिनची आग जाणवत नाही. यात झाडाचा लाभच आहे. उंदीर-घुशींसारखे प्राणी बिया चावून नष्ट करतात, तर पक्षी त्या न चावता गिळतात आणि दूरदूर नेऊन टाकतात. बोलिव्हिया देशातील रानमिरच्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००८ साली असेही दाखवून दिले, की कॅप्सेसिनमुळे मिरचीच्या बियांचे बुरशीपासून रक्षण होते.

परंतु गोडसर भोपळी मिरचीत कॅप्सेसिन जवळजवळ नसतेच. शिवाय पान, मूळ, फूल यांच्या रक्षणाचे काय? तेथे तिसरी फळी उभी असते. ती डोळ्यांना दिसत नाही, जिभेला जाणवत नाही आणि नाकालाही कळत नाही. ती आहे जंतुनाशक पेप्टाइडांची. हेच मिरचीचे अदृश्य रखवालदार होत.

पेप्टाइड म्हणजे काय?

डाळी, दूध, अंडी, मासळी यांतून आपल्याला प्रथिने मिळतात हे सर्वांस ठाऊक आहे. प्रत्येक प्रथिन ही जणू एक माळ असते. तिच्यातील मण्यांना अमिनो आम्ले असे म्हणतात. सजीवांच्या प्रथिनांत हे मणी मुख्यतः वीस प्रकारचे असतात. आणि ज्याप्रमाणे थोड्याशा अक्षरांतून हजारो शब्द होतात, त्याप्रमाणे या वीस मण्यांतून निसर्गाने असंख्य प्रथिने गुंफली आहेत. मोठ्या प्रथिनाच्या माळेत शेकडो मणी असतात. माळ आखूड असली, म्हणजे तिला पेप्टाइड असे नाव देतात. वनस्पतींच्या अंगी असलेल्या जंतुनाशक पेप्टाइडांपैकी ‘डिफेन्सिन’ नावाच्या गटातील माळा साधारणपणे पन्नास मण्यांच्या असतात.

ही माळ सरळ लोंबत राहत नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडते. तिच्यातील काही मण्यांत गंधकाचे अणू असतात आणि असे दोन मणी जवळ आले, की त्यांच्यात पक्का दुवा जुळतो. डिफेन्सिनमध्ये बहुधा असे चार दुवे आढळतात. किनाऱ्यावरील कोळीबांधव जाळे विणताना जागोजागी गाठी मारतात. त्या गाठींमुळे लाटांच्या ओढीतही जाळ्याचा आकार बिघडत नाही. गंधकाचे दुवे म्हणजे पेप्टाइडाच्या गाठीच होत. त्यांच्या योगाने ते पुष्कळशी उष्णता सोसते आणि सहजासहजी मोडत नाही.

आता हे रखवालदार लढतात कसे ते पाहू. प्रत्येक जंतूच्या पेशीभोवती एक नाजूक पटल असते. आतील द्रव्य आत ठेवणे आणि बाहेरचे बाहेर ठेवणे हे त्याचे काम. जिवाणूंच्या पटलाच्या बाहेरील बाजूस ऋण विद्युतभार असतो, तर पुष्कळशा जंतुनाशक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात हा निसर्गनियम आहे. त्यामुळे पेप्टाइडे जंतूच्या पटलाकडे खेचली जातात, तेथे दाटी करतात आणि पटल फाटते किंवा त्याला भोके पडतात. खाडीत चाललेल्या होडीच्या तळाला भोके पडली, तर नाखवा कितीही कुशल असला तरी होडी तरणार नाही. जंतूचीही तीच गत होते. काही पेप्टाइडे पटल ओलांडून आत शिरतात आणि जंतूचे आतील व्यवहार बंद पाडतात.

प्राण्यांच्या पेशींच्या पटलाची रचना थोडी निराळी असते. त्याच्या बाहेरील बाजूस ऋणभार फारसा नसतो. म्हणून काही पेप्टाइडे जंतूंना मारतात आणि आपल्या पेशींना फारसा धक्का लावीत नाहीत. ‘काही’ हा शब्द येथे ध्यानात ठेवला पाहिजे; त्याचे कारण पुढे येईल.

शोधाची वाटचाल

हे ज्ञान एका दिवसात हाती आले नाही. १९४२ साली अमेरिकेतील संशोधकांनी गव्हाच्या पिठातून एक लहानसे प्रथिन वेगळे काढले. वनस्पतींवर रोग आणणारे जिवाणू त्याच्या योगाने मरतात, हे त्यानंतर तीस वर्षांनी, १९७२ साली सिद्ध झाले. पुढे मुळा, जव, तंबाखू अशा अनेक वनस्पतींत या जातीची पेप्टाइडे सापडली.

१९९६ साली भोपळी मिरचीतील डिफेन्सिनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक लक्षणीय गोष्ट आढळली. फळ पिकू लागले, की त्यातील डिफेन्सिन वाढते. आणि फळाला जखम झाली, तरीही ते वाढते. फळ पिकले म्हणजे त्यात साखर आली. साखर आली म्हणजे जंतूंची लालूच वाढली. आणि सालीला जखम झाली म्हणजे तर चोरांना दारच उघडे झाले. नेमक्या त्याच वेळी झाड पहारा वाढविते!

२००८ साली दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी मिरचीतील एका जंतुनाशक प्रथिनाची कसोटी पाहिली. प्रत्येक प्रथिन घडविण्याची आज्ञा पेशीतील जनुकात लिहिलेली असते. त्यांनी काही झाडांत त्या प्रथिनाचे जनुक मुके करून टाकले, तेव्हा ती झाडे रोगाला लवकर बळी पडू लागली. उलट तेच जनुक दुसऱ्या एका लहानशा वनस्पतीत घातले, तेव्हा तिची प्रतिकारशक्ती वाढली. रखवालदार काढून घेतला तर चोरी होते आणि दुसऱ्या घरी नेमला तर ते घर राखले जाते, असा दुहेरी पुरावा मिळाल्यावर त्याच्या कामाविषयी शंका कशी उरावी? ब्राझीलमधील संशोधकांनी २०१४ साली मिरचीच्या फळातून असेच एक पेप्टाइड वेगळे केले. ते जिवाणूंना आणि मनुष्याच्या तोंडात व त्वचेवर त्रास देणाऱ्या कॅन्डिडा नावाच्या यीस्टला मारक ठरले. दोन वर्षांनी असे दिसून आले, की नेहमीच्या बुरशीनाशक औषधाबरोबर ते वापरले, तर प्रयोगनळीत दोघांचा मिळून परिणाम अधिक होतो.

महाराष्ट्रही या कामात मागे नाही. पुणे येथे १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीच्या अंगच्या एका निराळ्या रखवालदाराचा बारकाईने अभ्यास झाला आहे. हरभरा, तूर, कापूस या पिकांचा फडशा पाडणारी घाटे अळी खाल्लेले अन्न पाचकरसांच्या साहाय्याने पचविते. मिरचीतील काही लहान प्रथिने त्या पाचकरसांचेच काम अडवितात. अळीच्या खाद्यात ही प्रथिने मिसळली, तेव्हा तिची वाढ खुंटली. पोटभर खाऊनही अळी उपाशीच! विशेष हे, की या प्रथिनांचे घटकही सुमारे पन्नास मण्यांचेच असतात आणि त्यांतही गंधकाचे चार दुवे असतात. जणू एकाच साच्यातून निसर्गाने एक शिपाई जंतूंसाठी आणि दुसरा किड्यांसाठी घडविला.

एवढी धडपड कशासाठी?

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला आणि पुढे त्यातून प्रतिजैविक औषधांचे युग सुरू झाले. पूर्वी साध्या जखमेने माणसे दगावत. ती आता वाचू लागली. परंतु १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच फ्लेमिंग यांनी जगाला सावध केले होते, की औषध अपुऱ्या प्रमाणात घेतले, तर जंतू मरणार नाहीत; उलट ते औषधाला सरावतील. त्यांचे भाकीत खरे ठरले. मनास येईल तेव्हा औषध घेणे, बरे वाटताच ते मध्येच सोडणे, सर्दी-पडशालाही प्रतिजैविके मागणे, अशा चुकांमुळे औषधांना दाद न देणारे जंतू वाढत गेले. अशा जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

म्हणून नवी शस्त्रे हवी आहेत. पेप्टाइडांविषयी आशा वाटते ती यासाठी, की त्यांतील पुष्कळशी थेट जंतूच्या पटलावर घाव घालतात. जंतूला आपले एखादे लहान अवजार बदलणे सोपे असते. परंतु घराची सगळी भिंतच बदलणे कठीण. जंतू त्यावरही युक्ती काढणारच नाहीत असे नव्हे. पण ती काढणे त्यांना अधिक जड जाईल.

उपयोगाच्या वाटा तीन दिसतात. पहिली वाट शेताची. अशा पेप्टाइडांची जनुके पिकांत घालून किंवा पेप्टाइडांचा फवारा मारून रोगांना आळा घालता येईल काय, याचे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. दुसरी वाट अन्नाची. दुधातील एका उपयुक्त जिवाणूपासून मिळणारे नायसिन नावाचे पेप्टाइड चीज व डबाबंद पदार्थ टिकविण्यासाठी कित्येक वर्षांपासून वापरले जाते. तेव्हा वनस्पतींची पेप्टाइडेही उद्या या कामी येऊ शकतील. तिसरी वाट औषधाची. कोकणच्या दमट हवेत गजकर्णासारखे बुरशीचे त्वचारोग पुष्कळांना छळतात. आणि बुरशीवरील औषधांचे प्रकार मुळात थोडेच आहेत. त्यांत नवी भर पडली, तर ती सर्वांनाच हवी आहे.

वाटेतील अडचणी

मात्र प्रयोगनळी आणि मनुष्याचे शरीर यांत मोठे अंतर आहे. पेप्टाइड पोटात गेले, की डाळीतील प्रथिनांप्रमाणे त्याचेही बहुतेक वेळा पचन होऊन जाते. मग ते रोगाच्या जागी पोहोचणार कसे? दुसरे असे, की सर्वच पेप्टाइडे आपल्याला निरुपद्रवी नसतात. काही आपल्या पेशींनाही इजा करतात. मघाचा ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा आहे तो याचसाठी. तिसरे असे, की मणभर मिरच्यांतून पेप्टाइड निघते अगदी थोडे. म्हणून यीस्टसारख्या सूक्ष्मजीवाकडून ते तयार करून घ्यावे लागते आणि त्याला खर्च येतो. या सर्व कसोट्यांतून पार पडल्यावाचून त्याला औषध म्हणता येत नाही. मिरचीतील पेप्टाइडांपासून बनविलेले, डॉक्टरांनी लिहून द्यावे असे औषध अद्याप तयार झालेले नाही.

तेव्हा मिरचीत जंतुनाशक द्रव्य आहे असे वाचून कोणी जखमेवर मिरची चोळील किंवा ताप आल्यावर ठेचा खाईल, तर ते शहाणपणाचे होणार नाही. जखमेची आग मात्र वाढेल! खाणीतील लोखंड म्हणजे तलवार नव्हे. ते काढावे लागते, तापवावे लागते, घडवावे लागते. शास्त्रातील शोध आणि उपयोगी औषध यांतही असेच दीर्घ परिश्रमाचे अंतर असते.

बीज राखणारे हात

या कामात शास्त्रज्ञांना साह्य करणारे आणखी एक माणूस आहे, आणि ते बहुधा आपल्याच घरी असते. कोकणातील आजी चांगल्या झाडावरची लालभडक मिरची निवडते, ती वाळविते आणि तिचे बी राखेत घोळवून पुढच्या वर्षासाठी डब्यात जपून ठेवते. कोणती मिरची लवकर कुजते, कोणती पावसातही टिकते, हे तिला पाहून-पाहून कळलेले असते. पेप्टाइड हा शब्द तिने कधी ऐकलेला नसेल. परंतु ज्या झाडाचे रखवालदार बळकट, त्या झाडाचेच बी ती नकळत राखीत आली आहे.

मिरचीच्या निरनिराळ्या जातींत या रखवालदारांचे प्रकार आणि प्रमाण निरनिराळे आढळते. म्हणून एखादी गावठी जात नाहीशी झाली, तर केवळ एक चव जात नाही. तिच्याबरोबर कदाचित एखादे असे कुलूप उघडणारी किल्लीही जाते, की ज्या कुलपाची अजून आपल्याला ओळखही झालेली नाही. असे बी एकदा गेले, की ते कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

पाऊस ओसरला, उन्हाची तिरीप वाडीत उतरली, म्हणजे परसातील मिरचीच्या झाडाकडे एकदा निरखून पाहावे. ते नेहमीसारखेच निश्चल उभे असते. परंतु त्याच्या पानापानांत, फळाफळांत पन्नास-पन्नास मण्यांच्या त्या इवल्या माळा अहोरात्र जागत असतात. त्यांचा पहारा कोट्यवधी वर्षांचा आहे. मनुष्याला त्याचा पत्ता लागला तो अगदी काल-परवा. त्या पहाऱ्याची उरलेली गुपिते उलगडण्याचे काम आज शाळेत बसलेल्या मुलांमुलींपैकीच कोणाची तरी वाट पाहत आहे.